प्रामटरचं मत

४ नोव्हेंबर, सोमवार

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा या दिवसांत मी घरी आहे. एरवी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझी पेटी वडश्याच्या नाटक कंपनीच्या गाडीवर चढलेली असायची. मी प्रॉम्प्टर. गावात प्रामटर म्हणतात, मीही ओ देतो. आमच्या झाडीपट्टीत पात्रं पाठ करत नाहीत. मी पडद्याआडून वाक्य देतो, ते पब्लिकला देतात. टाळी त्यांना आणि खोकला मला, असा हिशोब.

गेल्या हंगामाच्या शेवटी माझे समोरचे दोन दात गेले आणि 'स' म्हटला की शिट्टी वाजायला लागली. मालकानं दोन प्रयोग सहन केलं. तिसऱ्या प्रयोगात नायिका "सासूबाई, सोसेन सगळं" म्हणणार, त्याआधी पडद्यामागून पाच शिट्ट्या गेल्या. पब्लिकनं उलट तीस मारल्या. मालक म्हणाला, गुणवंतराव, आता आराम करा.

म्हणून ही जुन्या नाटकाची वही काढली. मागची पानं कोरी आहेत. बोलणं माझं झाडीचं, लिहिणं मात्र नाटकासारखं होतं, त्याला इलाज नाही.

आज विधानसभेची उमेदवारी मागे घ्यायचा शेवटचा दिवस होता. मैदानात खरे तिघंच राहिले: बापूजी, कमळाताई आणि लोकेशभाऊ. 'झाडीचा आवाज' नावाचं मोबाइलवरचं चॅनल आहे, त्याचा अजय आधी तिघांच्या मुलाखती घेणार आणि रविवारी तिघांना एका स्टेजवर बसवणार. म्हणजे हंगाम घरबसल्या मिळाला! या वेळी मत अभिनय पाहूनच द्यायचं ठरवलं आहे. बाकी सगळं सगळेच सारखं सांगतात.

जाता जाता एक. मुलगा निकेश भद्रावतीला कामाला असतो, तो सकाळी परत गेला. जाताना पुनमबद्दल बोलला. नात आमच्याकडेच असते, बारावीला आहे, कॉलेज तालुक्याला. पूर्वी सकाळी सातची गाडी आमच्या कोसमटोल्यात यायची. पावसात वाटेवरच्या नाल्यावरचा रपटा खचला, तेव्हापासून ती फाट्यावरूनच जाते. फाटा तीन किलोमीटर, सगळं जंगल. दिवाळीच्या आधी सीताबाईचा गोऱ्हा त्याच वाटेवर वाघानं नेला. निकेश म्हणाला, "बाबा, गाडी सुरू झाली तं ठीक. नाई तं पुनमचं नाव काढून घेतो. पोरगी गमवाची नाई मले." सुट्ट्या रविवारपर्यंत आहेत, तोवर होईल काहीतरी.

५ नोव्हेंबर

बापूजींची मुलाखत पाहिली. तीनदा निवडून आलेला माणूस. पाठांतर शंभर टक्के. अजयनं विचारलं, दवाखान्यात डॉक्टर का नाही? बापूजी म्हणाले, "माह्या बापानं मले बैलगाडीत बसवून शाळेत नेलं..." रोजगाराचं विचारलं. पुन्हा बैलगाडी निघाली. तिसऱ्या प्रश्नाला अजयनंच बैलगाडीपासून सुरुवात केली, तर बापूजी गोंधळले. पंधरा वर्षं एकच नाटक लावलं की असं होतं.

मधेच पुनम आली. "आबा, मोबाइल देता का? कॉलेज सोमवारीच चालू होते का ते पाहाचं हाय ग्रुपवर." म्हटलं, थांब, बापूजींची एक्झिट पाहू दे. ती उभी राहिली आणि मग निघून गेली. आजकालच्या पोरांना धीर नाही.

६ नोव्हेंबर

कमळाताई. दोन वेळा सरपंच होत्या. अरेरे! काय सांगू. खुर्चीत अशा बसल्या होत्या की जणू बँकेत नंबर लावला आहे. हात हलत नाही, भुवई हलत नाही, आवाजाला चढउतार नाही. सगळ्यात मोठा दोष म्हणजे प्रश्न विचारला की त्याच प्रश्नाचं उत्तर देतात. पब्लिकला काही उत्सुकताच राहत नाही.

अजयनं विचारलं, किती तरुणांना नोकऱ्या देणार? बाई म्हणाल्या, "मले माहीत नाई. जे माह्या हातात नाई ते काऊन सांगू?"

रंगमंचावर 'मले माहीत नाई'! आमच्या कंपनीत असं कोणी बोललं असतं तर मालकानं मध्यंतरातच घरी पाठवलं असतं.

वाघाबद्दल विचारलं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झुडपं किती फूट कापायची, ते सांगत बसल्या. ठमाबाईसुद्धा कंटाळली असावी. माझी बायको एरवी हात थांबवत नाही, पण सूप तसंच मांडीवर ठेवून बसली होती, तांदूळ पाखडायचं विसरली.

७ नोव्हेंबर

आज मन भरून आलं. लोकेशभाऊ! पांढरा शर्ट, बाही दोन घड्या वर, आवाज खर्जातला. "माझ्या माय-मावल्यांनो" म्हणताना गळा असा दाटला की मीही पदर शोधू लागलो.

आणि तो पॉज! अजयनं विचारलं, पाच वर्षांत पहिलं काम कोणतं करणार? लोकेशभाऊ म्हणाले, "पहिलं काम..." आणि थांबले. एक हात कानाला, डोळे छताकडे. मी सेकंद मोजले. अकरा! अकरा सेकंद पब्लिकला हातावर झुलवत ठेवायचं म्हणजे छाती पाहिजे. मग हळूच म्हणाले, "...मी शब्दांत सांगू शकत नाही."

मी टाळी वाजवली. ठमा म्हणाली, "अवो, त्याले आठोलं नाई."

नाटक कळायला नजर लागते.

८ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. दुपारी मोटरसायकलवरून लहानू आला. लोकेशभाऊचा माणूस. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"काका, तुमी चाळीस साल प्रामटिंग केली म्हन्ते. भाऊले तुमची गरज हाय."

"का झालं जी?"

"काल भाऊच्या कानात मशीन लावली होती. चंद्रपुरावरून लिहिनारा सांगे, भाऊ बोले. ऐन टाइमाले रेंज गेली ना! भाऊ अर्ध्यातच लटकले."

तरीही पॉज तो पॉजच, कारण कोणतंही असो.

रविवारच्या मंगल कार्यालयात तर रेंजचा पत्ताच नसतो. स्टेजमागे मोठा फ्लेक्स लागणार, त्याच्याआड मी बसायचं. लोकेशभाऊची खुर्ची फ्लेक्सला टेकून राहील. सहा प्रश्नांची सहा उत्तरं चंद्रपूरच्या लिहिणाऱ्यानं दिलेली आहेत, ती वाचायची. मी मानधन नको म्हटलं. कलेची सेवा आहे. लहानू म्हणाला, मग शाल देऊ. दातांचं सांगितलं तर म्हणाला, "समोर डीजे हाय काका, तुमची शिट्टी कोन ऐकते?"

ठमा आतून सगळं ऐकत होती. लहानू गेल्यावर म्हणाली, "त्याले इचारलं का गाडीचं?"

खरंच, विसरलो.

९ नोव्हेंबर

दिवसभर सहा उत्तरं वाचली. विकास, युवाशक्ती, मातृशक्ती, जल-जंगल-जमीन, अस्मिता, पुन्हा विकास. भाषा चांगली आहे, पण दम घ्यायला जागा कुठं सोडलेली नाही. मी लाल पेन्सिलीनं जागा केल्या. 'मातृशक्ती'वर एक हुंदका टाकला.

पुनम शेजारी बसून तिच्या कागदावर काहीतरी लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. विचारलं, का लिहून राह्यली? म्हणाली, "काई नाई. एक प्रश्न हाय."

अभ्यासाचा असेल.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचं सगळं झोपण्याआधीच लिहितो.

मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. फ्लेक्सवर तिघांचे मोठे चेहरे. वाऱ्यानं फाटू नये म्हणून फ्लेक्सला अर्धगोल चिरा मारतात, त्यातली एक बरोबर बापूजींच्या गालावर आली होती. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बापूजींच्या गालातून पब्लिक पाहत होतो. पुढ्यात, हातभर अंतरावर, लोकेशभाऊची पाठ.

सुरुवातीला सगळं झकास. मी दिलं, त्यांनी घेतलं. कधीकाळी त्यांनी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या नाटकात शिपायाचं काम केलं होतं म्हणे, म्हणून प्रॉम्प्टिंग उचलायची सवय होती. हुंदकासुद्धा जागेवर आला. बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, आहे, अजून आहे माझ्यात काहीतरी.

मग अजय म्हणाला, आता पब्लिकमधून प्रश्न. सातव्या रांगेत एक पोरगी उठली. माइक हातात घेतला. आमची पुनम!

मला काही माहीत नव्हतं. कॉलेजच्या पोरींसोबत आली असणार. तोच कागद हातात होता, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"माझं नाव पुनम. गाव कोसमटोला. आमच्या गावात सातची गाडी येत होती, ती बंद झाली. उद्या कॉलेज चालू होते. फाट्यापर्यंत जंगल हाय अना वाघ हाय. गाडी नाई आली तं माहे बाबा माहं नाव काढून घेनार हायेत. तिघांनीबी सांगा, गाडी कवा येईन?"

आवाज जरासाही कापला नाही. कोणाकडून शिकली, देव जाणे.

बापूजी म्हणाले, "माह्या बापानं मले बैलगाडीत बसवून..." पब्लिक हसलं.

कमळाताई नेहमीसारख्या सपाट. "बाई, रपटा दुरुस्त झाल्याशिवाय गाडी नाई येनार. चार महिने लागन, खोटं नाई सांगत. तवरिक गावानं पाळी लावाची. रोज चार मानसं काठ्या घेऊन पोरींसंगं फाट्यापर्यंत गेली पाहिजे, मोठ्यानं बोलत. मी निवडून येवो का पडो, झुडपं कापाले मी अर्ज देते."

मागून कोणीतरी ओरडलं, "गाडी मांगली तं पाळी देऊन राह्यली!" हशा पिकला. बाईची एंट्रीच पडली.

मग सगळे लोकेशभाऊकडे वळले. माझ्या हातात सहा उत्तरं. गाडीचं एकातही नाही. लोकेशभाऊंनी पाठ ताणली, मान थोडी मागे केली. वाक्य मागत होते. एक सेकंद. दोन. पाच. पब्लिक चुळबुळायला लागलं.

ज्यानं आयुष्य पडद्याआड काढलं त्यालाच अशी शांतता म्हणजे काय ते कळेल. चाळीस वर्षांत मी कोणालाही वहीबाहेरचं वाक्य दिलं नव्हतं. तो नियमच आहे, प्रॉम्प्टरनं स्वतःचं वाक्य देऊ नये. पण आठवा सेकंद गेला आणि माझ्या तोंडून निघालं:

"पोरी, उद्या सोमवार. उद्यापासून सातची गाडी तुझ्या गावात येईल. आणि नाही आली तर मी स्वतः, फाट्यापर्यंत, रोज, तुझ्या पुढं चालीन."

'सोमवार'ला शिट्टी, 'सातची'ला शिट्टी, 'स्वतः'ला शिट्टी. लोकेशभाऊंनी शब्द न शब्द उचलला. 'स्वतः'नंतर छातीवर हात ठेवला, तो त्यांचा स्वतःचा. आणि मग टाळ्या! पत्रे हालले. लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

मी गालातून पाहिलं. सगळं कार्यालय लोकेशभाऊकडे पाहत होतं. पुनम मात्र फ्लेक्सकडेच पाहत होती, एकटक. तिचे डोळे तपासायला हवेत, चष्मा लागला असेल.

मागच्या खोलीत लोकेशभाऊंनी मला शाल दिली, नारळ दिला. म्हणाले, "काका, शेवटचं वाक्य कोनत्या पानावर होतं?"

म्हटलं, भाऊ, ते सुचलं.

"वा! असेच सुचू द्या."

११ नोव्हेंबर

पावणेसातलाच गाव ग्रामपंचायतीपुढे जमलं. सात वाजता रपट्याच्या बाजूनं खाली उतरून, धूळ उडवत गाडी आली. जीप. समोर लोकेशभाऊचा फोटो, वर भोंगा, भोंग्यात प्रचाराचं गाणं. लहानू पुढच्या सीटवर. "घ्या, भाऊनं शब्द पाळला!"

पुनम म्हणाली, "आबा, हे गाडी होय का?"

आता आमच्याकडे गाडी म्हणजे बस, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी वाक्यात बस म्हटलं नव्हतं. जीपला चार चाकं होती, पोरी बसल्या, फाट्यावर उतरल्या, कॉलेजला गेल्या. एका शब्दावरून भांडू नये.

माझं वाक्य सगळ्या मोबाइलवर फिरतं आहे. पानठेल्यावर दोनदा ऐकलं. खाली लिहून येतं, 'लोकेशभाऊंचा शब्द'. बरं वाटतं आणि थोडं काहीतरी खुपतं. खुपायचं काही कारण नाही. नाटकातही असंच असतं.

१४ नोव्हेंबर

जीप रोज येते. पुनमच्या परीक्षेची तयारी चालू. निकेशला फोन करून सांगितलं, गाडी सुरू झाली. "कोनती गाडी?" म्हणाला. सातची, म्हटलं. ठमानं माझ्याकडे पाहिलं आणि चुलीतलं लाकूड उगाचच आत सारलं.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी प्रचार संपला. लहानू भोंगा उतरवायला आला. मी विचारलं, "परवानंतर गाडी येईन ना जी?" तो म्हणाला, "काका, आधी मत तं टाका!" आणि हसला. हसणं मोकळं होतं. उद्या-परवा मतदानाची कॉलेजला सुट्टीच आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान केलं. खरं ते लिहितो, ही वही कोण वाचणार आहे! यंत्रासमोर उभा राहिलो, तिघांची नावं वाचली आणि कानात ते वाक्य वाजलं: मी स्वतः, फाट्यापर्यंत, रोज. त्याच वाक्याला मत दिलं. इतकं चांगलं वाक्य दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की ते माझंच होतं. म्हणजे मी मत कोणाला दिलं? डोकं चक्रावलं, चहा घेतला.

ठमाला विचारलं, कोणाला? म्हणाली, "तुमाले काऊन सांगू?" पुनमला अजून मत नाही. अठराला पाच महिने कमी आहेत.

२१ नोव्हेंबर

जीप आली नाही.

पुनम आणि आणखी दोन पोरी ग्रामपंचायतीपुढे पावणेआठपर्यंत थांबल्या. आज तिचं प्रॅक्टिकल होतं. धान कापणीचे दिवस, गाव सगळं शेतात. मी लहानूला फोन लावत होतो. तो उचलत नव्हता. पोरी मला न सांगता निघाल्या.

रपट्याजवळ वाघ रस्त्यातच बसलेला होता.

पोरींनी आरडाओरडा केला नाही, पळाल्या नाहीत. तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे आल्या, पाऊण किलोमीटर, तसंच. पुनमची बॅग तिथंच पडली. घरी येऊन ती रांजणाजवळ बसली. पाण्याचा गिलास भरून घेतला आणि तसाच पायाशी ठेवला. ठमा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

लोकांना वाक्यं पुरवणारा मी, नातीला द्यायला एक शब्द सापडला नाही. मला फार भीती वाटली. अजून वाटते आहे.

लहानूचा फोन संध्याकाळपर्यंत व्यस्त.

२३ नोव्हेंबर

लोकेशभाऊ निवडून आले. गुलाल. आमच्या गावातली बहुतेक मतं त्यांनाच. कमळाताईंना गावातून चौदा. पानठेल्यावर सगळे म्हणत होते, ही चौदा येडी कोण? ठमा बाजूनं पाणी घेऊन गेली. चालीत जरा ठसका होता.

२४ नोव्हेंबर, रविवार

निकेश आला. सीताबाईनं त्याला वाघाचं आधीच सांगितलं होतं. तो ओरडला नाही. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं होतं. "बाबा, तुमी मले फोनवर का सांगितलं होतं?" एवढंच विचारलं. मग पुनमला म्हणाला, नाव काढायचा अर्ज लिहून ठेव, पुढच्या रविवारी येतो तेव्हा सही करतो. पुनमनं कागद घेतला. अक्षर चांगलं आहे तिचं.

२५ नोव्हेंबर

आज अजयनं लोकेशभाऊंची विजयी मुलाखत घेतली. आम्ही सगळे मोबाइलभोवती बसलो. हार गळ्यापर्यंत. अजय भला पोरगा, त्यानं विचारलंच: "भाऊ, कोसमटोल्याची सातची गाडी? तुम्ही म्हणाले होते, नाही आली तर स्वतः चालीन."

लोकेशभाऊ हसले. या वेळी पॉज नव्हता.

"ते वाक्य माझं नव्हतंच ना! माझ्या भाषणाचे कागद आहेत, दाखवतो. ते मागून प्रामटर बोलला, कोसमटोल्याचे गुणवंतराव. त्यांच्याच गावचे. त्यांना विचारा."

माझं नाव! चाळीस वर्षांत प्रॉम्प्टरचं नाव कोणी माइकवर घेतलं नव्हतं. नाटकाच्या जाहिरातीत पेट्रोमॅक्सवाल्याचं नाव यायचं, माझं नाही. छाती भरून आली. मी ठमाला म्हटलं, "ऐकलं का? नाव घेतलं!"

ठमाच्या आधी पुनम बोलली.

"आबा, मले तवाच मालूम होतं."

"का मालूम होतं?"

"सोमवारले शिट्टी वाजली तवाच. त्या मानसावर मी कवाच भरोसा ठेवला नसता. आवाज तुमचा होता, म्हनून ठेवला."

एवढं म्हणून ती अर्जाचा कागद घेऊन आत गेली. मी मोबाइल हातात धरून बसून राहिलो. त्यात लोकेशभाऊ अजून बोलत होते. आवाज बंद करायचं बटण मला सापडेना.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सहाला उठलो. मोठी काठी काढली. थंडी होती म्हणून लोकेशभाऊची शाल कानाला गुंडाळली. पुनमला म्हटलं, चाल, दप्तर घे. ती म्हणाली, दप्तर रपट्यापाशी हाय. म्हटलं, मग वाटेत घेऊ.

दुसऱ्या दोन पोरीही आल्या. मी पुढं, त्या मागं. जंगलात शिरल्यावर पुनम म्हणाली, "आबा, मोठ्यानं बोला. चुपचाप गेलं तं त्याले मालूम नाई होत."

बोलायला गेलो आणि आवाज निघाला तो कुजबुजीचा. चाळीस वर्षं पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून जपलेला घसा. "आबा, हे तं मलेच ऐकू नाई आलं!" मग खाकरून, जोर लावून, खलनायकाचं एक वाक्य फेकलं. झाडावरून माकडं पळाली. पोरी हसल्या. मग मी थांबलो नाही. राजा झालो, सावकार झालो, विधवा झालो, सासू झालो. 'स' आला की शिट्टी, आणि या नाटकात शिट्टीचा फायदाच होता. रपट्यापाशी बॅग तशीच पडली होती, दवानं ओली. तिथं मात्र मी विधवेच्या भूमिकेत असूनही पाटलाच्या आवाजात ओरडलो.

फाट्यावर सात-वीसला बस आली. पुनम चढली. खिडकीतून म्हणाली, "आबा, तुमी परत एकटे?" बस निघून गेली.

परत एकटाच. तो विचार मी केलाच नव्हता. वाट तीच, पण आता मागं कोणी नव्हतं. एक वाक्य आठवेना. सगळ्यांना मी आठवण करून दिली, मला द्यायला मागं कोण होतं? शेवटी जे आठवलं तेच ओरडत आलो, "नाही आली तर मी स्वतः फाट्यापर्यंत रोज तुझ्या पुढं चालीन", पन्नासदा तरी. पानाची सळसळ झाली की जास्त मोठ्यानं. तीन किलोमीटर म्हणजे किती असतात, ते मला आज कळलं. पोरींना जुलैपासून माहीत होतं.

गावाच्या शिवेवर ठमा उभी होती. एका हातात विळा, दुसऱ्या हातात टिनाचा डबा आणि लाकूड, वाजवायला. मागं सीताबाई, आणखी तिघी. मला शोधायला निघाल्या होत्या. ठमानं आधी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग बोलली.

"एकटे जाता का असे? कमळाबाईनं चार मानसं सांगितली होती. पाळी लावा म्हने."

मी म्हटलं, "सांगितली असतील. पण किती सपाट सांगितली! पॉज नाही, काही नाही. लक्षात कसं राहणार?"

"चौदा जनांच्या लक्षात राह्यलं," ठमा म्हणाली.

घरी आल्यावर तिनं ही वही मागितली. पाळी लिहायची आहे, म्हणाली, पुनम आली की तिच्याकडून लिहून घेते. सोमवार ते शनिवार, रोज चार नावं. म्हटलं, दुसरा कागद घे की. घरात सुटा कागद म्हणजे एकच होता, पुनमच्या दप्तराबाहेर राहिलेला अर्जाचा, त्यावर निकेशची सही व्हायची आहे. ठमानं तो उचलला, पाहिला, उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"यावरच लिहून घेईन," म्हणाली. "पुढल्या रविवारी निकेशले हाच देऊ."

मंगळवारचं पहिलं नाव तिनं मला न विचारता माझंच धरलं. बुधवारचंही. घसा बसला आहे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून झोपतो. उद्या साडेसहाला निघायचं आहे.